पहिली रायफल निवडताना

जत्रेतली फुगे फोडण्याची बंदूक कधीच हाती धरली नाही, असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात क्वचितच सापडेल. नळी मोडायची, छर्रा घालायचा, नळी पुन्हा सरळ करायची आणि चाप ओढायचा. फुगा फुटला तर आपण नेमबाज, नाही फुटला तर बंदूक वाकडी! आता गंमत अशी की, या जत्रेतल्या बंदुकीत आणि ऑलिंपिकमधल्या १० मीटर एअर रायफलीत मूळ तत्त्व एकच आहे. दोन्हींत दारू नाही. छर्रा हवेच्या दाबाने सुटतो. स्पर्धेच्या रायफलीची नळी ४.५ मिलिमीटरची आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक साध्या छर्‍याच्या बंदुकांचीही तीच. मग एकीची किंमत हजारांत आणि दुसरीची लाखांत का? आणि ज्याला नेमबाजी शिकायची आहे त्याने घ्यावी तरी कोणती?

हा प्रश्न माझ्यापुढे निव्वळ कुतूहल म्हणून आलेला नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळविले, आणि आमच्या भागात घरोघरी रायफलीची चर्चा सुरू झाली. मी एन.सी.सी.त आहे, रायफल हाताळलेली आहे, एवढ्यावर आमच्या आबांनी पतसंस्थेतून कर्ज काढण्याची तयारी केली. "कोणती घ्यायची तेवढं तू सांग, पैशाचं मी बघतो," असे ते म्हणाले. आमच्या घरात यापूर्वी कर्ज निघाले ते म्हशीसाठी आणि विहिरीसाठी. म्हैस पारखावी कशी हे आबांना ठाऊक होते. रायफल कशी पारखावी हे मला सांगता येईना. पुढचे तीन महिने मी तेवढेच शिकले.

प्रथम कायद्याचे पाहू, कारण निम्मी निवड तोच करून टाकतो. कुसाळे यांच्या क्रीडाप्रकारात किंवा आमच्या एन.सी.सी.त वापरतात ती ०.२२ रायफल काडतुसावर चालते. तिला परवाना लागतो आणि परवान्यासाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याआधी नवोदित नेमबाज म्हणून संस्थेच्या देखरेखीखाली सराव करता येतो. परंतु स्वतःच्या नावावर शस्त्र घेता येत नाही. एअर रायफलीचे तसे नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल याच्या निम्म्याहूनही कमी शक्तीची असते.

वर्गातील एकदोन मित्रांनी मला "कार्बाइन का घेत नाहीस?" असेही विचारले. चित्रपटांचा परिणाम, दुसरे काय! कार्बाइन म्हणजे आखूड नळीची हलकी रायफल. अमेरिकेत पिस्तुलाचे काडतूस वापरणाऱ्या कार्बाइन लोक हौसेखातर रेंजवर चालवितात, कारण काडतूस त्यामानाने स्वस्त, धक्का कमी आणि नेम पिस्तुलापेक्षा सोपा. पण त्यांचे नेहमीचे ९ मिलिमीटरचे काडतूस आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. तेव्हा कमी खर्चात, कमी धक्क्यात, पुष्कळ वेळा नेम धरून पाहण्याची जी सोय तिकडे कार्बाइनने होते, ती इथे आपल्याला एअर रायफलच देते.

आता खरी पारख. मला वाटले होते की ती नळीपासून सुरू होते. प्रत्यक्षात ती डोळ्यापासून सुरू होते.

एन.सी.सी.च्या पहिल्या फायरिंगला माझ्या पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या. उस्ताद म्हणाले, "श्वास सांभाळ." श्वास सांभाळला, तरी तेच. पुढे कोल्हापूरच्या एका रेंजवर गेले तेव्हा तेथील प्रशिक्षकांनी रायफल हाती देण्यापूर्वीच मला दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवायला लावली आणि त्या फटीतून दोन्ही डोळ्यांनी समोरच्या दाराची कडी पाहायला सांगितली. मग एकेक डोळा मिटायचा. उजवा मिटला तर कडी जागच्या जागी. डावा मिटला तर कडी नाहीशी! मी सर्व कामे उजव्या हाताने करते, पण माझा मुख्य डोळा डावा आहे. उजव्या खांद्याला रायफल लावून मी उजव्या डोळ्याने नेम धरीत होते आणि डावा डोळा मध्येच कारभार हाती घेत होता. वाचकांनी हा प्रयोग आत्ताच करून पाहावा. खर्च काही नाही.

असा दोष असणाऱ्याला दोन वाटा आहेत. मुख्य डोळ्यापुढे पट्टी लावून दुसऱ्याकडून काम करून घ्यायचे, किंवा सरळ डाव्या खांद्यावरून शिकायचे. नवशिक्याने दुसरी वाट धरावी असा सल्ला मला मिळाला. पण मग दस्ताही डावखुरा किंवा दोन्हीकडे चालणारा हवा, आणि जुन्या रायफलींच्या बाजारात मिळतात त्या बहुतेक उजव्या. आबांनी पहिल्याच आठवड्यात कर्ज काढले असते तर आमच्या घरी एक सुंदर उजवी रायफल भिंतीला टांगलेली असती.

डोळ्यानंतर अंग. नियमाप्रमाणे १० मीटर एअर रायफलीचे वजन ५.५ किलोपर्यंत असू शकते. उभ्याने नेम धरताना हे वजन दंडाच्या बळावर पेलायचे नसते. पुढच्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगडीला टेकते आणि भार हाडांवरून पायांकडे उतरतो. डोक्यावर घागर घेऊन जाणारी बाई मान ताठ का ठेवते हे ज्याने पाहिले आहे त्याला हे निराळे समजावून सांगायला नको. म्हणून दस्त्याची लांबी, खांद्याला टेकणारी पट्टी आणि गालाखालचा आधार आपल्या अंगाप्रमाणे सरकविता येतात की नाही हे पाहावे. साधी परीक्षा अशी: डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल आरामात टेकवावा आणि मग डोळे उघडावे. मान न हलविता मागच्या छिद्रातून पुढची माशी दिसली तर रायफल आपली. मान ताणावी लागली तर, ती कितीही नामांकित असो, दुसऱ्याची.

यानंतर येते ती हवा. येथेच हजार आणि लाख यांच्यातला फरक आहे. जत्रेतल्या बंदुकीत नळी मोडली की आतली जाड स्प्रिंग दबते. चाप ओढताच स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्यापुढची हवा दाबली जाते आणि तिच्या जोरावर छर्रा निघतो. वजनदार दट्ट्या पुढे धावला की बंदूक मागे सरकते; तो टोकाला जाऊन थांबला की पुन्हा पुढे झटका बसतो. आणि या सगळ्या धक्काबुक्कीत छर्रा अजून नळीतच असतो! नेम चाप ओढताना बरोबर होता म्हणून भागत नाही. छर्रा बाहेर पडेपर्यंत बंदूक दर वेळी अगदी सारख्याच तऱ्हेने हलली पाहिजे. धरण्यात जरा फरक पडला की छर्रा दुसरीकडे. जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ कंपनीने आपल्या जुन्या ३०० क्रमांकाच्या रायफलीत यावर मोठी युक्ती काढली होती. तीत नळी आणि दट्ट्याचा सगळा भाग दस्त्याच्या आत मागे सरकतो, त्यामुळे खांद्याला धक्का जवळजवळ जाणवत नाही.

हल्लीच्या स्पर्धेच्या रायफलीत स्प्रिंगच नाही. नळीखालच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाची हवा भरलेली असते आणि चाप ओढला की तिचा मोजका घोट सुटतो. दर वेळी तेवढाच. छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने जातो आणि रायफल हलल्यासारखी वाटतही नाही. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ या जर्मन नावांसाठी लोक लाखो रुपये मोजतात ते या सारखेपणासाठी. जोर दोघींतही पुरेसा असतो. किंमत आहे ती सारखेपणाची.

पण सिलिंडर आला की त्याचा संसारही आला. तो भरायचा कोठे? शहरात रेंजवर सोय असते. खेड्यात हातपंप घ्यावा लागतो, आणि २०० बारपर्यंत हातपंप मारणे हा स्वतंत्र व्यायाम आहे. शिवाय पावसाळ्यातली दमट हवा आत गेली तर सिलिंडर आतून गंजण्याची भीती. सिलिंडरवर मुदत कोरलेली असते, साधारणतः दहा वर्षांची, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. जुनी रायफल स्वस्तात मिळते आहे असे कुणी सांगितले तर आधी ती तारीख वाचावी. मला दाखविण्यात आलेल्या एका रायफलीची मुदत चार महिन्यांत संपणार होती. विकणाऱ्या गृहस्थांनी ते सांगितले नाही; मी विचारले तेव्हा ते चहा मागवू लागले.

नेम धरण्याच्या साधनाविषयी थोडेच सांगते. दुर्बीण लावलेली बंदूक नवख्याला भुरळ घालते, पण ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. तेथे मागे बारीक छिद्र आणि पुढे गोल कडी असते. कडीच्या मध्यभागी लक्ष्याचा काळा गोल बसवायचा. तो काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा, आणि त्याच्या मध्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. आपल्याकडील राष्ट्रीय नियमांच्या स्पर्धांत उघड्या माशीचा, म्हणजे ओपन साइटचा, वेगळा गटही असतो. ज्यांना लाखांची रायफल परवडत नाही त्यांच्यासाठी हे दार बरे आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती ग. वा. मावळंकर होते, ही माहिती मला हे सगळे वाचताना मिळाली. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नेमबाज खेळतात.

शेवटी छर्रे. रायफलीची किंमत सगळे विचारतात, छर्‍यांची कोणी विचारीत नाही. स्पर्धा ६० फेऱ्यांची असते. सरावात रोज शंभर छर्रे सहज जातात. ५०० छर्‍यांचा डबा पाच दिवसांत संपतो, महिन्याला सहा डबे. त्यातही छर्‍याच्या डोक्याचे माप ४.४९, ४.५०, ४.५१ असे सूक्ष्म फरकाने बदलते आणि प्रत्येक नळीला त्यातले एखादेच मानवते. ज्याने सगळे पैसे रायफलीत घातले आणि छर्‍यांना शिल्लक ठेवले नाहीत, त्याची रायफल कपाटातच राहणार. जाड जॅकेट आणि ताठ तळाचे बूट यांचा खर्च निराळाच.

स्प्रिंगची बंदूक छर्रा न घालता कधी उडवू नये, दट्ट्या टोकावर आपटून खराब होतो. रायफल हवेची असली तरी तिने डोळा जातो, हे घरातल्या लहान मुलांना आधी सांगावे. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव झाल्यावर जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

हे सर्व मी आबांपुढे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग घ्यायची कोणती?" मी म्हणाले, "यंदा कोणतीच नाही." रेंजवर दस्ता डावीकडे फिरविता येईल अशी एक जुनी रायफल आहे. आठवड्यातून तीन दिवस मी एस.टी.ने जाते, तासाचे शुल्क भरते आणि तिच्यावर शिकते. घेतले आहे ते एक वापरलेले जॅकेट आणि छर्‍यांचे डबे. साठ फेऱ्यांत माझे गुण अजून पाचशेच्या आसपासच फिरतात. पाचशे साठ झाले की पुन्हा बोलायचे असे आमचे ठरले आहे. पतसंस्थेचा कोरा अर्ज आबांनी घडी घालून पंचांगात ठेवला आहे.