लाल पाण्यात ऊन शिरत नाही

गोव्यातली डिचोलीची लोहखनिजाची खाण 2024 साली पुन्हा सुरू झाली आणि शिरगाव, मये, मुळगावच्या शेतकऱ्यांची जुनी धास्तीही तिच्यामागून परतली. तिकडे पेडण्यात तुयेचं शंभर खाटांचं हॉस्पिटल गोवा मेडिकल कॉलेजला जोडा म्हणून लोक रस्त्यावर उतरले. दोन्ही बातम्या वाचकांना पाठ आहेत. दोन्हींच्या पोटात घाण पाण्याचा प्रश्न आहे, आणि घाण पाणी म्हटलं की हल्ली एक नवा उपाय सुचवला जातो: कार्बनयुक्त प्रकाश-उत्प्रेरक. पाण्यात चिमूटभर पूड टाका, बाकीचं ऊन बघून घेईल, अशी त्याची ख्याती. ती कुठवर खरी?

या संशोधनाला खरा वेग जपानमधून मिळाला. फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 साली टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं. पुढे हाच पांढरा पदार्थ पाण्यातली सेंद्रिय घाण फोडायलाही वापरला जाऊ लागला. अडचण एकच. त्याला अतिनील किरण लागतात, आणि उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के. चाळीस टक्क्यांहून जास्त हिस्सा दृश्य प्रकाशाचा, तो फुकट जातो. गोव्यासारख्या उन्हाच्या मुलखात ही उधळपट्टी फारच खटकते.

दृश्य प्रकाशावर चालणारे पदार्थ आधीही होते. पण 2009 साली वांग, आन्तोनिएत्ती, डोमेन आदींनी धातूचा अंशही नसलेला कार्बन नायट्राइड पुढे आणला आणि संशोधनाला भरती आली. तो करायची रीत ऐकून हसू येतं. झाकणाच्या मुशीत युरिया घ्यायचा, भट्टीत साडेपाचशे अंशांपर्यंत तापवायचा, दोन-तीन तास ठेवायचा. निवल्यावर तळाशी फिकट पिवळी, हलकी पूड उरते. पिवळी अशासाठी, की ती जांभळा-निळा प्रकाश गिळते. म्हणजे 460 नॅनोमीटरपर्यंतचाच. हिरवा, तांबडा तिच्याही हाती लागत नाही. 'दृश्य प्रकाशावर चालतो' या वाक्यात एवढी पळवाट आहेच.

दुसरी खोट आतली. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि मागे धन भाराची पोकळी राहते. या दोघांनी वेगवेगळं राहून काम करायचं, तर ते क्षणात पुन्हा एकमेकांना मिळतात आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. इथे ग्राफीनसारखा कार्बन कामी येतो. तो इलेक्ट्रॉन ओढून बाजूला नेतो, पोकळीला सवड मिळते. मग या दोघांमुळे तयार होणारे क्रियाशील मूलक औषधाचा किंवा रंगाचा रेणू तोडतात. कार्बन नायट्राइड आणि ग्राफीन यांचं संमिश्र करायचा सारा खटाटोप यासाठी.

गोव्याचं यात नाव आहे. झुआरीनगरच्या बिट्स पिलानीच्या आवारात नरेंद्रनाथ घोष यांच्या गटानं लोहयुक्त फेराइट आणि ग्राफीन यांच्या संमिश्रांवर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या 2018 सालच्या निबंधातलं कॉपर फेराइट-ग्राफीन प्रकाशावाचूनही उत्प्रेरकाचं काम करतं, पण मला त्यातला चुंबकी गुण महत्त्वाचा वाटतो. काम झालं की भांड्याबाहेर चुंबक धरायचा. काळी पूड कडेला गोळा होते, पाणी ओतून घ्यायचं. बारीक पूड पाण्यात सोडणं सोपं, परत काढणं महाकठीण. पाणी शुद्ध करायला टाकलेली पूडच ओढ्यात वाहून गेली तर कमावलं काय?

प्रयोगशाळेतले आकडे मात्र जपून वाचावेत. बहुतेक ठिकाणी मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग ऊर्ध्वपातित पाण्यात घालतात, झेनॉन दिवा लावतात, दर थोड्या वेळानं नमुना काढून 664 नॅनोमीटरला मोजतात. निळेपणा उतरला की टाळ्या. पण कार्बन रंग नुसता शोषूनही घेतो, आणि हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश पितो. रंग गेला म्हणजे रेणू संपला असं नव्हे. पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला, हे न मोजणाऱ्या निबंधावर मी तरी पैसे लावणार नाही.

आता डिचोली. खाणीचं लाल पाणी म्हणजे मुख्यतः गाळ आणि हेमॅटाइट या लोहखनिजाचा चुरा. गंमत अशी, की हेमॅटाइट स्वतःच दृश्य प्रकाश भरपूर शोषणारा अर्धवाहक आहे. पण त्यातली पोकळी दोन-चार नॅनोमीटर सरकते न सरकते तोच विझते, म्हणून निसर्गानं दिलेला हा उत्प्रेरक आळशी. शिवाय गढूळ पाण्यात ऊन वीतभरही उतरत नाही, आणि लोहाचा गाळ कुठलाच प्रकाश-उत्प्रेरक 'फोडू' शकत नाही. तिथे गाळ बसवायची तळी, बंधारे आणि डंपांवर झाडोरा हेच जुने उपाय. ते नीट झाले तरी पुष्कळ. उद्या कुणी नॅनो पूड घेऊन निविदा भरायला आलाच, तर त्याला आधी पावसाळ्यात मुळगावला न्यावं.

तुयेची गोष्ट निराळी. हॉस्पिटलच्या सांडपाण्यात प्रतिजैविकं आणि वेदनाशामकं अल्प प्रमाणात असतात, आणि नेहमीची प्रक्रिया केंद्रं त्यातली कित्येक तशीच सोडून देतात. असं पाणी आधी गाळून स्वच्छ केलं, की शेवटच्या टप्प्यावर चुंबकी संमिश्राची टाकी ठेवता येईल. प्रमाण कमी, पाणी नितळ, ऊन फुकट: या तंत्राला याहून सोयीची जागा मिळणार नाही. झुआरीनगरचं विज्ञान पेडण्यात आणायचं तर सुरुवात निळ्या रंगानं न करता तुयेच्या खऱ्या सांडपाण्यानं करावी, वर्षभर करावी, त्यात जून-जुलैचे ढगाळ दिवसही धरावेत, आणि फसलेले आकडेही छापावेत.