वासराची जात, रंग व बाजारातील किंमत

सांगली जिल्ह्यातील खरसुंडी, सातारा जिल्ह्यातील म्हसवड किंवा सोलापूर जिल्ह्यातील सांगोला येथील जनावरांच्या बाजारात एकाच वयाची व सारख्याच निगेची दोन वासरे शेजारी बांधलेली असली, तरी त्यांच्या किमतींत मोठे अंतर पडलेले दिसते. दलाल रुमालाखाली मालकाची बोटे दाबून जो भाव सुचवितो, त्यात जात व रंग यांचा भाग मोठा असतो. माणदेशासारख्या दुष्काळी मुलखात एका खोंडाच्या विक्रीवर कुटुंबाचे बी-बियाणे, देणे व प्रसंगी लग्नकार्य अवलंबून असते. यास्तव हा भाव कशाबद्दल दिला जातो व त्यातील कोणता भाग रास्त आहे, हे शेतकऱ्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

जातीवरून ठरणारी किंमत

वासराची किंमत ही त्याच्या पुढील उपयोगाची किंमत होय. खिल्लार गाय दूध बेताचेच देते. परंतु तिचा खोंड चपळ, काटक व ओढीस उत्तम निघतो. म्हणून खिल्लारमध्ये कालवडीपेक्षा खोंडास अधिक मागणी असते. होल्स्टीन फ्रिजियन किंवा जर्सी संकरित जनावरांत याच्या उलट स्थिती आढळते. तेथे कालवडीस दुधाच्या आशेने गिऱ्हाईक मिळते, तर गोऱ्ह्यास वशिंड नाममात्र असल्याने व ऊन सोसत नसल्याने औताकरिता कोणी फारसे घेत नाही. महाराष्ट्रात २०१५ साली बैल व वळू यांच्या कत्तलीसही कायद्याने बंदी झाली. तेव्हापासून अशा गोऱ्ह्याचा सांभाळ हा मालकावरच भार होऊन बसतो.

कायद्याचा परिणाम खिल्लारच्या भावावरही झालेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१४ साली बैलगाडा शर्यती बंद पडल्या, तेव्हा शर्यतीच्या खोंडांची मागणी घटली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली व मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरविला. त्यानंतर ही मागणी पुन्हा वाढली. केवळ शर्यतीच्या भरवशावर पैदास करणे किती जोखमीचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

रंग ही जातीची साक्ष

सामान्य शेतकऱ्याजवळ वंशावळीचा कागद क्वचितच असतो. त्यामुळे गिऱ्हाईक रंगाकडेच कागद म्हणून पाहते. खिल्लारचा रंग पांढरा किंवा करडा असतो. कोसा, काजळी अशी नावे बाजारात प्रचलित आहेत. नांदेडकडील लाल कंधारी संपूर्ण लाल असते. अंगावर पांढरा पट्टा दिसला की संकराची शंका घेतली जाते. लातूर-उदगीर भागातील देवणीत मात्र वानेरा, बालंक्या व शेवरा असे तीन रंगप्रकार मान्य आहेत, व शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावरील काळे ठिपके हे त्या जातीचेच लक्षण होय. एका जातीत जो दोष, तोच दुसरीत गुण ठरतो. म्हणून रंग नेहमी त्या त्या जातीच्या मापानेच पाहावा.

रंगाला आणखी दोन कारणांनी खरी किंमत आहे. फिकट केस व खाली काळी कातडी असलेले जनावर आपल्या उन्हात अधिक टिकाव धरते. शिवाय रंग, शिंगे व उंची जुळणारी जोडी सुट्या दोन बैलांपेक्षा अधिक भावाने विकली जाते.

रंगाची साक्ष कोठे अपुरी पडते

खिल्लारचे नवजात वासरू डोक्यावर तांबूस दिसते व ही तांबूस झाक काही महिन्यांत नाहीशी होते. हे ठाऊक नसल्याने कित्येकजण चांगले वासरू संकरित समजून स्वस्तात देऊन टाकतात. तसेच खोंडाच्या मानेवर व वशिंडावर येणारा गडदपणा वयाचा व नरपणाचा परिणाम असतो.

संकरित कालवड काळी-पांढरी आहे एवढ्यावरून ती दुधाळ ठरत नाही. रंग थोड्या आनुवंशिक घटकांवर ठरतो, दूध पुष्कळ घटकांवर. दुधाची खात्री आईच्या दूधनोंदीवरून व वळूच्या माहितीवरूनच करावी. अंगावरील भोवऱ्याची जागा पाहून शुभाशुभ ठरविण्याची चाल तर सर्वस्वी निराधार आहे. तिचा उपयोग केवळ भाव पाडण्याकडे होतो.

शेतकऱ्यांनी काय करावे

१. गाय माजावर येताच वळूची निवड विचारपूर्वक करावी. मोकाट वळूकडून गाय फळल्यास त्याचा तोटा नऊ महिन्यांनंतर बाजारात दिसतो. खिल्लार गाईस जातिवंत खिल्लार वळूच दाखवावा किंवा त्याच जातीच्या रेताने कृत्रिम रेतन करून घ्यावे.

२. संकरित गाईस शक्य असेल तेथे लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरावी. तिने कालवडींचे प्रमाण बरेच वाढते व नको असलेल्या गोऱ्ह्यांचा प्रश्न कमी होतो.

३. कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, रेतनाची तारीख, वळूची माहिती व आईचे दूध यांची नोंद वहीत ठेवावी. अशी वही असली म्हणजे केवळ रंगावरून भाव पाडणाऱ्यास उत्तर देता येते.

४. खोंड विकण्यापूर्वी गावात किंवा शेजारच्या गावात त्याचा जोडीदार शोधावा.

५. विकत घेताना प्रथम पाय, खूर, चाल, छाती व दात पाहावेत, रंग शेवटी पाहावा. संशय वाटल्यास ओल्या फडक्याने केस व शिंगे पुसून पाहावीत; लावलेला रंग काही वेळा त्यातून उघडा पडतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बाजारापूर्वी गावात बैठक घेऊन ही माहिती द्यावी व नोंदवही कशी ठेवावी हे प्रत्यक्ष दाखवावे. रंग बदलणे शेतकऱ्याच्या हाती नाही. परंतु वळूची निवड, निगा व नोंद या तीन गोष्टी त्याच्या हाती आहेत आणि वासराची खरी किंमत त्यांतूनच उभी राहते.