मधली रेषा किती सरकली?

डोक्याला मार लागलेल्या माणसाची सीटीची फिल्म हातात पडली की नातेवाईक आधी ती खिडकीच्या उजेडाला धरतात. कळत काही नसतं, तरी धरतात. महाडजवळच्या बिरवाडीत ही वेळ यायला फार काही लागत नाही. एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून हेल्मेटशिवाय निघालेली मोटारसायकल, पावसात निसरडा झालेला रस्ता, नाहीतर आंब्याची कडकन मोडलेली फांदी. मग डॉक्टरांना प्रश्न दोनच. वाचेल ना? आणि जरा घुटमळून, पूर्वीसारखा होईल ना?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर फिल्म बऱ्यापैकी देते. सीटीच्या यंत्राने माणसाचा मेंदू पहिल्यांदा पाहिला तो 1 ऑक्टोबर 1971 रोजी, लंडनमधल्या विंबल्डनमध्ये. त्या चित्रांवरून गुण देण्याच्या पद्धती पुढे निघाल्या. 2005 सालची ‘रॉटरडॅम’ पद्धत 1 ते 6 गुण देते. गुण जितके जास्त तितका धोका मोठा. मेंदूची मधली रेषा 5 मिलिमीटरहून जास्त सरकली का, मेंदूच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या जागा सुजेने दबल्या का, हे त्यात पाहतात. यात एक गंमत आहे. कवटीच्या आत, मेंदूच्या बाहेरच्या आवरणावर साचलेल्या रक्ताचा भिंगाच्या आकाराचा पांढरा गोळा दिसला की घरच्यांचा धीर सुटतो. गुण देताना मात्र तो गोळा नसेल तर एक गुण वाढतो! कारण असं रक्त साचतं तेव्हा खालचा मेंदू पुष्कळदा शाबूत असतो. ते वेळेत काढलं तर माणूस उठून बसतो. ‘वेळेत’ या शब्दाचं वजन महाड-पोलादपूरकरांना वेगळं सांगायला नको. एकीकडे मुंबईचा हायवे, दुसरीकडे घाट. जागेचा हा फरक गणितातही उतरला. 2008 साली डोक्याला मार लागलेल्या 10,008 रुग्णांवरून ‘क्रॅश’ नावाचं भाकिताचं गणित मांडलं गेलं. त्यात श्रीमंत देशांसाठी एक आणि बाकीच्या देशांसाठी दुसरं, अशी दोन वेगळी सूत्रं करावी लागली.

दुसऱ्या प्रश्नापाशी सीटी अडखळते. डोकं जोरात हिसकलं की मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. सीटी जवळपास स्वच्छ आणि माणूस बेशुद्ध, असंही घडतं. एमआरआयच्या एका खास प्रकारात सांडलेल्या रक्तातलं लोह काळ्या ठिपक्यांसारखं उमटतं. आणखी एक तपासणी तंतूंमधल्या पाण्याची चाल पाहते. भातखाचरातला पाट डोळ्यांपुढे आणा. काठ धड असले तर पाणी लांबीने धावतं, काठ फुटला की सैरावैरा पसरतं. धडधाकट तंतूतही पाणी असंच लांबीच्या दिशेने सरकतं. अनेक रुग्णांच्या सरासरीत हा फरक स्पष्ट दिसतो. समोरच्या एकट्या माणसाबद्दल मात्र त्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर जरा जपून ऐकावं.

अडचण यंत्रापुरती नाही. ‘पूर्वीसारखा’ मोजायचा कसा? 1975 पासून डॉक्टर ‘ग्लासगो’ नावाची एक मोजपट्टी वापरतात. मृत्यूपासून ‘चांगली सुधारणा’ इथपर्यंत तिच्या पाच पायऱ्या. पुढे त्या आठ झाल्या. ती बाहेरून मोजते: चालतो का, कामावर जातो का. 2010 च्या सुमारास आलेली ‘कोलिब्री’ ही 37 प्रश्नांची यादी थेट रुग्णालाच विचारते: तुमची स्मरणशक्ती, तुमचा राग, तुमची माणसं, यांबद्दल तुम्ही समाधानी आहात का? दोन्ही मोजमापं पुष्कळदा जुळत नाहीत. काठी टेकत चालणारा समाधानी निघतो आणि ‘चांगली सुधारणा’ असा शेरा मिळालेला आतून खचलेला. ‘कोलिब्री’च्या आकड्याशी नैराश्याचं नातं घट्ट आहे, आणि नैराश्य पहिल्या दिवशीच्या फिल्मवर उमटत नाही. पुढे कामावर परत घेतील का, सराव करून घ्यायला घरात कोणाला सवड आहे, हेही त्या फिल्मवर नसतं.

असं एखादं माणूस सहा महिन्यांनी तपासणीला येतं. फिल्म ठीक, चालणं ठीक, पगार चालू. डॉक्टर कागद मिटतात, तेव्हा शेजारी बसलेली बायको हळूच म्हणते, “सगळं करतात हो. पण मिक्सर लावला की अंगावर धावून येतात.”