बाल्साचा खळगा: लांबीआधी पाण्याचा थेंब

बाल्सा हे लाकूड इतकं हलकं की सागाच्या साधारण पाव वजनाचं. त्यावर नख दाबलं तरी खळगा पडतो. विमानाचं मॉडेल करताना पंखावर पकडीचा जबडा उमटला की अनेकजण लगेच लांबी भरायला घेतात. बहुतेक वेळा तिची गरजच नसते.

गैरसमज: खळगा पडला म्हणजे तेवढं लाकूड गेलं.

वस्तुस्थिती: लाकूड तिथंच असतं, फक्त चेपलेलं. बाल्साच्या पेशी मोठ्या, पातळ भिंतींच्या आणि आतून पोकळ. दाबानं त्या चपट्या होतात. पाणी आणि उष्णता मिळाली की भिंती मऊ होऊन फुगतात आणि बऱ्याच अंशी मूळ आकारावर येतात. ब्रशच्या टोकानं खळग्यात पाण्याचा थेंब सोडा आणि तो मुरू द्या. उथळ खळगा एवढ्यानंच वर येतो. खोल असेल तर ओल्या सुती कापडाची घडी ठेवून इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद टेकवा. वाफेचा चर्रर्र आवाज आला की उचला. कापड कोरडं पडलं तर लाकूड करपतं.

गैरसमज: आजूबाजूचं लाकूड घासून खळग्याच्या पातळीला आणलं की काम झालं.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. बाल्साच्या पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. दीड मिलिमीटरचा बाल्सा घासून एक मिलिमीटरवर आणला, तर त्या जागी ताठपणा जेमतेम तीस टक्के उरतो. शिवाय चेपलेल्या पेशी आत तशाच राहतात. पुढं पाण्यात मिसळणारा रंग लावला की त्या फुगतात आणि खळग्याच्या जागी उंचवटा येतो. म्हणून आधी वाफ, मग पूर्ण वाळवण आणि शेवटी बारीक पॉलिश पेपर, हाच क्रम.

गैरसमज: वाफेनं कुठलीही खूण जाते.

वस्तुस्थिती: तंतू तुटले असतील, तर नाही. दिवा तिरका धरून पाहा. कडा गोलसर असेल तर लाकूड चेपलंय. धारदार असेल तर कापलं गेलंय. तिथं मात्र लांबीच हवी, तीही हलकी. जड लांबी बाल्सापेक्षा कडक असल्यानं घासताना भोवतालचं लाकूड आधी झिजतं. डोपचा किंवा व्हार्निशचा थर चढल्यावरही वाफेचा उपाय चालत नाही, कारण पाणी आत शिरत नाही.

गैरसमज: पाणी जितकं जास्त तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: पातळ पत्रा एका बाजूनं भिजला की वाकतो. सांध्याजवळ तर वाफेनं पांढरा गोंदही सैल पडतो, तिथं नुसत्या थेंबावर भागवा.

पंखाला हात लावण्यापूर्वी त्याच पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यावर मुद्दाम खळगा पाडून हे करून पाहा.