टाके डाळीनं पिकत नाहीत!



मागच्या महिन्यात बैठक आटोपून एका ताईच्या घरी गेले. गर्भपिशवीचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले, तरी टाके ओलेच होते. जेवायला काय देता, असं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "पेज अन् चहा-टोस्ट. डाळ-अंडं बंद, त्यानं टाके पिकतात." त्यांची माया कमी नव्हती, पण समज चुकीचा होता. दवाखान्यात रक्त तपासलं तर अल्ब्युमिन 2.6 निघालं.

अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिन. ते यकृतात तयार होतं. रिपोर्टमध्ये हा आकडा साधारण 3.5 ते 5 असावा. अल्ब्युमिन रक्तातलं पाणी धरून ठेवतं. ते फार कमी झालं की सूज येते, जखम उशिरा भरते आणि पू होण्याची भीती वाढते. मात्र ते फक्त कमी खाण्यानंच घटतं असं नाही. जंतुसंसर्ग, यकृताचा किंवा किडनीचा आजार असला तरी घटतं. म्हणून कारण डॉक्टरांनाच विचारा.

फाटलेलं लुगडं शिवायला धागा लागतो, तशी जखम भरायला प्रथिनं लागतात. टाके पिकतात ते जंतूंमुळे, डाळीमुळे नाही.

ऑपरेशननंतर 50 किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत 7 ग्रॅम, तर 30 ग्रॅम तूरडाळीत 6-7 ग्रॅम प्रथिनं असतात. आपल्या यवतमाळात तूर, हरभरा घरचाच असतो. डॉक्टरांनी जेवण सुरू करायला सांगितलं की घट्ट वरण, मुगाची खिचडी, दूध, दही, अंडं थोडं थोडं, पण दिवसातून चार-पाच वेळा द्या. महागड्या पावडरीसाठी गटातून कर्ज काढू नका. किडनीचा आजार असेल तर मात्र किती खायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

ऑपरेशनची तारीख आधी ठरली असेल, तर खाण्याकडे दोन-तीन आठवडे आधीपासूनच लक्ष द्या. रक्तातलं प्रथिन एका रात्रीत वाढत नाही.

ताप आला, जखमेतून पू किंवा घाण वास आला, लाली पसरली, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीला सासूबाईंनाही सोबत आणा. ताट वाढणारा हात बहुतेक त्यांचाच असतो!