ठरलेला वार, खुला मंच

जळगाव जामोदहून जॅझचा क्लब गाठायचा म्हणजे आधी नांदुऱ्याला जाऊन मुंबईची गाडी धरायची. तरीही हा विषय इथल्या वाचकांनी समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. कारण जॅझच्या साप्ताहिक बैठकीत जे घडतं, ते आपल्या भजनी मंडळाच्या फार जवळचं आहे. वार ठरलेला, जागा ठरलेली, मुख्य वाजवणारे ठरलेले, आणि ऐनवेळी आलेल्याला सरकून जागा करून देण्याची रीतही ठरलेली.

पियानो, डबल बास आणि ड्रम्स हा या बैठकीचा पाया. त्यावर ट्रम्पेट, सॅक्सोफोन, गिटार किंवा गाणारा गळा. पहिला तासभर क्लबचा नेहमीचा बँड वाजवतो, मग मंच खुला होतो. पाहुणा वादक पुढे येतो, रचनेचं नाव, पट्टी आणि लय सांगतो, आणि तालमीशिवाय सगळे एकदम सुरू होतात. हे जमतं, कारण शेकडो ठरावीक रचना सगळ्यांना पाठ असतात. त्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात. त्यांतल्या पुष्कळशा ३२ बारच्या, म्हणजे ३२ लहान तालखंडांच्या असतात. ब्लूज बहुधा १२ बारचा. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग एकेकाची पाळी येते. खाली कॉर्ड्सचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचा, तोच क्रम फिरत राहतो आणि वादक त्यावर तिथल्या तिथे नवी चाल रचतो. ख्यालगायक बंदिश मांडून उपज करतो आणि आवर्तन भरून समेवर येतो, तशीच ही शिस्त. फरक एवढाच, की इथे तालाबरोबर कॉर्ड्सचंही आवर्तन डोक्यात फिरतं ठेवावं लागतं. शेवटी ड्रमरशी चार-चार बारची सवाल-जवाबासारखी देवाणघेवाण होते. मग कुणीतरी स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवतो. याचा अर्थ, चला, मूळ चालीवर या.

अशा बैठकींनी संगीताची दिशा बदलली आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ‘मिंटन्स प्लेहाउस’ नावाचा क्लब होता. १९४०च्या सुमारास टेडी हिल त्याचे व्यवस्थापक झाले. सोमवारी वादकांना कामातून सुट्टी असे, म्हणून त्या रात्री हिल त्यांना बोलावून जेवू घालत. क्लबच्या बँडमध्ये पियानोवर थेलोनियस मंक, ड्रम्सवर केनी क्लार्क. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर तिथे येऊन वाजवत. त्या रात्रींतून ‘बीबॉप’ ही अतिजलद, गुंतागुंतीची शैली घडली. त्याच शहरातल्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’मध्ये फेब्रुवारी १९६६पासून सोमवारी एक मोठा बँड वाजू लागला. संस्थापक थॅड जोन्स आणि मेल लुईस आज नाहीत, पण बँड आणि सोमवार दोन्ही टिकून आहेत.

आपल्या राज्याची गोष्टही कमी रंगतदार नाही. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. मुंबईतले गोवेकर वादक चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेले होते. समोरचा कागद ते सहज वाचत, पण कागदाबाहेरचं वाजवणं त्यांना या पाहुण्यांना ऐकून, त्यांच्या शेजारी बसूनच उचलावं लागलं. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ त्यातूनच ‘चिक चॉकलेट’ म्हणून गाजले; लोक त्यांना, अमेरिकेच्या ख्यातनाम जॅझ ट्रम्पेटवादकाच्या नावावरून, भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले संगीतकार सी. रामचंद्र, यांनी हा बाज ओळखला. त्यांचं संगीत असलेल्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. अशाच गोवेकर वादकांपैकी सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन वर्षानुवर्षं केलं. म्हणजे जॅझ क्लबचं नावही न ऐकलेल्या आपल्या आजोबांनी तालुक्याच्या टॉकीजमध्ये जॅझ ऐकला होता, त्यावर ठेकाही धरला होता.

दरम्यान १९४९चा दारूबंदी कायदा आला. क्लबांची कमाई आटली, आणि सत्तरच्या दशकात डिस्कोच्या तबकड्यांनी बँडची जागा घेतली. १९७८ साली निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू केला. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स तिथे वाजवून गेले. धोबी तलावचं रंगभवन हे या यात्रेचं घर. तेही शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे बंद पडलं. लोअर परळचा ‘ब्लू फ्रॉग’ हा क्लब २००७ला उघडला आणि २०१६ला मिटला.

महोत्सवांचं मोल मी कमी मानत नाही. त्यांनी श्रोते घडवले. वादक मात्र दर आठवड्याच्या बैठकीतच घडतो. गेल्या वेळी चुकलेली जागा पुढच्या वेळी, त्याच लोकांसमोर, पुन्हा घेऊन बघता येते. वर्षातून एकदा मंच मिळणारा मुलगा चुकायलाच घाबरतो, आणि जो चुकायला घाबरतो त्याला उपज सुचत नाही.

आपल्याकडची मुलं मोबाइलवर पाहून गिटार, कीबोर्ड शिकताहेत. त्यांच्या वाट्याला येतं ते शाळेचं गॅदरिंग, फार तर गणेशोत्सवातली एखादी रात्र. लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणारे, भजनात तयार झालेले तबलजी, पेटीवाले यांच्याशी त्यांची गाठच पडत नाही. गावात ज्यांच्या हाती एखादं सभागृह, शाळेची खोली किंवा मंगल कार्यालय आहे, त्यांना माझी विनंती आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ, दोन तास, ती जागा वाजवणाऱ्यांना द्या. वार बदलू नका. आणि पहिलं आमंत्रण बँडवाल्यांना, सन्मानाने, त्यांच्या घरी जाऊन द्या.