एक दाबा, दोन दाबा : फोनमागचा प्रोग्राम

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले आणि वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याचे मोल रायगडला नव्याने कळले. लाटांची उंची, वाऱ्याचा वेग यांचे अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते. ते नाखव्याच्या कानापर्यंत न्यायला आपोआप लागणारा फोन फार कामाचा. त्याला वाचता यावे लागत नाही, साधा बटणांचा मोबाइलही पुरतो.

यामागचा प्रोग्राम फोन लावतो, ध्वनिमुद्रित संदेश ऐकवतो आणि दाबलेले बटण ओळखतो. प्रत्येक बटण एकाच वेळी दोन सूर सोडते. ‘१’चे ६९७ आणि १२०९ हर्ट्झ. मार्क स्पेन्सर यांनी १९९९मध्ये लिहिलेले ‘अ‍ॅस्टरिस्क’ हे मुक्त सॉफ्टवेअर आजही अशा कामाला वापरतात.

खरा वेळ जातो तो चुका शोधण्यात. एकाच बटणाची नोंद दोन वाटांनी आली, की ‘२’चे ‘२२’ होते. ‘चुकीचा पर्याय’ ऐकून माणूस फोन ठेवून देतो. कानाचा फोन खाली घेऊन बटण शोधायचे, तर तीन सेकंदांची मुदत अपुरीच. म्हणून चाचणी एसी कार्यालयात उरकून भागत नाही. ती रेवदंडा, मुरूडच्या धक्क्यावर, इंजिनांच्या धडधडाटात व्हायलाच हवी. बोट लांब गेली की रेंज जाते. तेव्हा न उचललेला फोन पुन्हा कधी लावायचा, हे बोटी सुटण्याच्या वेळा, म्हणजे भरती-ओहोटी बघूनच कोडमध्ये लिहावे.